हिशेब पुरा करून निघालेली यात्रा : नबाब सिकंदर बेगम

माळव्यातील भोपाळचे नाव मराठी वाचकाला प्रथम भेटते ते पेशवाईच्या इतिहासात. १७३७ च्या अखेरीस पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडीत धरले ते भोपाळपाशीच. पुढे १८१२-१३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्रित फौजांनी भोपाळला वेढा घातला, तेव्हा वझीर महंमद खानाने उपासमार सोसून ते शहर राखले. याच वझीर महंमद खानाची नात म्हणजे नबाब सिकंदर बेगम. १८१९ ते १९२६ या शतकभराच्या काळात, मधली सात वर्षे वगळता, भोपाळचा कारभार एकामागून एक चार स्त्रियांनी पाहिला. कुदसिया बेगम, सिकंदर बेगम, शाहजहान बेगम आणि सुलतान जहान बेगम अशी ही परंपरा. तिच्यातील दुसऱ्या बेगमेचे नाव दोन गोष्टींसाठी विशेष घेतले जाते. बुडत आलेल्या राज्याची घडी तिने बसविली ही एक. आणि हिंदुस्थानातील राज्यकर्त्यांपैकी हजची यात्रा स्वतः करणारी ती पहिली मानली जाते, ही दुसरी. या दोन गोष्टी परस्परांपासून वाटतात तितक्या दूर नाहीत.

हज हे इस्लामच्या पाच मूलाधारांपैकी एक. श्रद्धेचा उच्चार, नमाज, रोजा आणि जकात यांच्या जोडीने ते येते. तथापि इतरांहून त्याची एक निराळी अट आहे. ज्याला शक्य असेल त्याच्यावरच ते बंधनकारक आहे, आणि तेही आयुष्यात एकदाच. हे शक्य असणे म्हणजे केवळ अंगात बळ आणि गाठीला पैसा असणे नव्हे. यात्रेकरूने आधी आपली देणी फेडावीत, परत येईपर्यंत पुरेल इतकी घरच्या माणसांची तरतूद करावी, कोणाला दुखावले असेल तर त्याची क्षमा मागावी, आणि मगच उंबरठा ओलांडावा, अशी रीत आहे. मरणाला निघालेला माणूस ज्या मनाने निरवानिरव करतो, त्याच मनाने हजला निघावे, असे श्रद्धावान मानतात. इहरामचे न शिवलेले पांढरे वस्त्र पाहून अनेकांना कफनाची आठवण होते, ती यामुळेच.

ही अट राज्यकर्त्याच्या वाट्याला आली की फार अवघड होते. राज्य सोडून वर्षभर दूर जाणे म्हणजे मागे बंडाला आमंत्रण. मोगल बादशहांपैकी एकानेही हज केले नाही. अकबराच्या काळात त्याची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली फत्तेपूर सिक्रीहून निघाली आणि १५८२ साली परतली. राजघराण्यातील स्त्रियांनी केलेली ती मोठीच यात्रा. पण बादशहा मात्र आपल्या जागी राहिला. तख्तावरच्या माणसाला तख्त मागे ठेवून जाता येते का, हा प्रश्न सिकंदर बेगमेपुढे तीनशे वर्षांनी उभा राहिला.

तिच्या आयुष्याचा आरंभच अपघाताने झाला. तिचे वडील नजर महंमद खान यांनी १८१८ साली इंग्रजांशी तह करून संस्थान सावरले होते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१९ मध्ये, इस्लामनगरच्या वाड्यात कुटुंबासमवेत निवांत बसले असताना पिस्तुलाची गोळी लागून ते जागीच ठार झाले. पिस्तूल हाताळणारा होता त्यांचा मेहुणा फौजदार महंमद खान, अवघ्या आठ वर्षांचा मुलगा. चौकशी झाली आणि तो केवळ अपघात होता असे ठरले. सिकंदर तेव्हा मांडीवरचे मूल होती. विशीही न ओलांडलेल्या तिच्या आईने, कुदसिया बेगमेने, पडद्याआड बसून रडत राहण्यास नकार दिला. आपली मुलगीच वारस आहे आणि तिच्याशी जो विवाह करील तो पुढे नबाब होईल, तोवर कारभार आपण पाहू, असे तिने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून व इंग्रजांकडून मान्य करवून घेतले. मुलीला तिने घोड्यावर बसणे, हत्यार चालविणे आणि कागद वाचणे या तिन्ही गोष्टी शिकविल्या.

१८३५ साली सिकंदरचा विवाह चुलतभाऊ जहांगीर महंमद खान याच्याशी झाला. सत्ता कोणाकडे असावी यावरून पतिपत्नींत आणि सासू-जावयांत तेढ वाढत गेली. १८३७ च्या अखेरीस जहांगीर गादीवर आला. आपल्या जिवाला पतीकडूनच धोका आहे असे पाहून सिकंदर, गरोदर असताना, आईसह इस्लामनगरला निघून गेली. त्याच किल्ल्यात, जेथे वडिलांचा मृत्यू झाला होता तेथे, १८३८ च्या जुलैमध्ये तिची एकुलती एक मुलगी शाहजहान हिचा जन्म झाला. १८४४ साली जहांगीर वारला. गादीची वारस म्हणून सहा वर्षांच्या शाहजहानचे नाव लागले. पण कारभार मात्र सिकंदरचा मामा फौजदार महंमद खान याच्या हाती सोपविण्यात आला. ज्याच्या हातून नकळत तिचे पितृछत्र गेले, त्याच्याच हाती आता तिच्या मुलीचे राज्य गेले. मामा-भाचीचे पटले नाही. कारभार चालेनासा झाला, आणि १८४७ साली त्याला दूर करून सारी सूत्रे सिकंदर बेगमेकडे देण्यात आली.

त्या दिवशी तिच्या पदरात जे राज्य पडले ते कर्जात बुडालेले होते. वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार रयतेला पिळीत आणि तिजोरीत थोडेच भरीत. बेगमेने ही मक्तेदारी मोडली. जमिनीची मोजणी करविली, वसूल थेट शेतकऱ्याकडून घेण्याची व्यवस्था लावली, संस्थानाचे तीन जिल्हे व त्यांखाली एकवीस पोटविभाग पाडून प्रत्येक ठिकाणी जबाबदार अंमलदार नेमला. पडदा तिने पाळला नाही. घोड्यावरून ती मुलुखाचा दौरा करी, फौजेची पाहणी करी, खेडुतांच्या तक्रारी स्वतः ऐके. फारशीऐवजी उर्दू ही दरबारची भाषा केली, त्यामुळे सामान्य माणसाला आपल्याच अर्जावर काय हुकूम झाला हे कळू लागले. शाळा काढल्या, त्यांत मुलींसाठीही एक होती. काही वर्षांत सुमारे तीस लाखांचे कर्ज फिटले. हजच्या दृष्टीने पाहिले तर यात्रेची पहिली अट तिने यात्रेचा विचार करण्याच्या कितीतरी आधी पुरी केली होती.

१८५७ चे वर्ष या चरित्रातील सर्वांत कठीण पान आहे. बेगमेने इंग्रजांची बाजू धरली. सीहोरच्या छावणीतील शिपाई उठले, संस्थानातील फाजील महंमद खान व आदिल महंमद खान यांनी शस्त्र धरले, राजधानीत असंतोष धुमसत राहिला. परंतु ती ढळली नाही. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने सीहोर येथे बंडवाल्या शिपायांना गोळ्या घातल्या. आपल्या निष्ठेचे फळ बेगमेला मिळाले. १८६० साली तिला मुलीची पालक म्हणून नव्हे तर स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता मिळाली, बेरसियाचा परगणा भोपाळला जोडला गेला, आणि १ नोव्हेंबर १८६१ रोजी अलाहाबादच्या दरबारात ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, पतियाळाचे महाराज आणि रामपूरचे नबाब यांच्या पंक्तीला बसून तिने ‘स्टार ऑफ इंडिया’चा किताब स्वीकारला. या निष्ठेचे मोल ज्यांनी प्राणांनी चुकविले त्यांचाही हिशेब इतिहासाला ठेवावा लागतो. बंडानंतर दिल्लीची जामा मशीद इंग्रजांनी नमाजासाठी बंद केली होती. ती पुन्हा खुली व्हावी म्हणून बेगमेने आपले वजन खर्च केले, असे भोपाळच्या परंपरेत सांगितले जाते. भोपाळात तिने बांधलेली मोती मशीद दिल्लीच्या त्या मशिदीच्या धर्तीवर आहे.

आता राज्य ऋणमुक्त होते, सीमा शांत होत्या, वारस वयात आली होती. १८६३ च्या अखेरीस सिकंदर बेगमेने मक्केला जाण्यासाठी भोपाळ सोडले. सोबत सुमारे हजार माणसांचा लवाजमा होता. वृद्ध आई कुदसिया बेगम बरोबर होती. आणि बरोबर होता मामा फौजदार महंमद खान. भोपाळमध्ये प्रचलित असलेल्या हनफी मताप्रमाणे स्त्रीने हजला जाताना पती किंवा ज्याच्याशी विवाह निषिद्ध आहे असा निकटचा आप्त सोबत असावा लागतो. पती नाही, वडील नाहीत, भाऊ नाही, मुलगा नाही, अशा या स्त्रीला नात्याने असा आप्त होता तो मामाच. वडिलांचा प्राण ज्याच्या हातून गेला, ज्याला तिने स्वतः सत्तेवरून खाली उतरविले, तो आता तिच्या यात्रेचा सोबती झाला. दोघांमध्ये कोणते शब्द बोलले गेले याची नोंद इतिहासात नाही. देणी फेडून आणि माफी मागून-देऊन निघावे, ही रीत मात्र दोघांनाही ठाऊक होती. आणि एवढे खरे की दोघे एकाच वाटेने निघाले.

भोपाळपर्यंत रेल्वे यायला अद्याप पुष्कळ वर्षे होती. थळ घाटाचा लोहमार्गही १८६५ पर्यंत पुरा झालेला नव्हता. हा सारा तांडा घेऊन बेगम मुंबईला आल्या. पूर्वी यात्रेकरूंचे बंदर म्हणजे सुरत. मक्केचा दरवाजा असेच त्याला म्हणत. एकोणिसाव्या शतकात तो मान मुंबईकडे आला होता आणि शिडाच्या जहाजांबरोबर आता आगबोटीही हाजींना घेऊन जात. सुएझचा कालवा व्हायला अजून पाच वर्षे होती. परंतु मुंबईहून एडनमार्गे तांबड्या समुद्रात शिरणाऱ्या यात्रेकरूला त्याची गरजही नव्हती. जानेवारी १८६४ मध्ये बेगमेचे जहाज निघाले.

तांबड्या समुद्रात यलमलमची समांतर रेषा आली की हिंदुस्थानातून जाणारे यात्रेकरू इहराम बांधतात. पुरुष दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रे पांघरतात. स्त्रियांना ठरावीक पोशाखाचे बंधन नाही. साधे, अंग झाकणारे कपडे पुरतात, पण या अवस्थेत तोंडावर बुरखा बांधायचा नसतो. येथून पुढे भांडण नाही, शिकार नाही, सुगंध नाही, नखे व केस कापणे नाही. आपण हजर आहोत, अशा अर्थाची हाक प्रत्येक जण ईश्वराला देत राहतो. राजा आणि भिस्ती, शेठ आणि हमाल एकाच रांगेत येतात. श्रद्धावान माणसाला हजचा अर्थ येथेच प्रथम अंगाला लागतो : ज्याच्या जोरावर आपण आजवर ओळखले गेलो, ते सारे उतरवून ठेवायचे असते.

जेद्दा येथे बेगम २३ जानेवारी १८६४ रोजी उतरल्या, आणि जे उतरवून ठेवायचे ते सुखासुखी उतरत नाही हे त्यांना तेथेच कळले. हेजाझ तेव्हा तुर्की सुलतानाच्या साम्राज्यात होते. जेद्दाला सुलतानाचा पाशा कारभार पाही आणि मक्केत शरीफ अब्दुल्ला यांची सत्ता चाले. दानधर्मासाठी म्हणून बेगमेने कपडे, भांडी व अन्य जिन्नस मोठ्या प्रमाणावर आणले होते. जकातदारांनी पेट्या उघडल्या, सामान विस्कटले, जकात मागितली. स्वतःच्या राज्यात ज्यांच्या शब्दावर नाकी उघडत आणि मिटत, त्यांना परक्या बंदरात एका पेटीसाठी हुज्जत घालावी लागली. मक्केच्या वाटेवर बदाऊंचे भय होते. खुद्द कुदसिया बेगमेचा उंट तांड्यातून वेगळा काढून पळविण्याचा प्रयत्न झाला.

मक्केत पोहोचल्यावर यात्रेकरूने आधी हरममध्ये जावे, काबागृहाभोवती सात फेरे घालावेत आणि मग सफा व मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा जावे-यावे, असा विधी आहे. पहिल्याला तवाफ म्हणतात, दुसऱ्याला सई. सईचे मूळ एका स्त्रीच्या कथेत आहे. इब्राहिमांनी हाजरा आणि तिचा तान्हा मुलगा इस्माईल यांना ईश्वराच्या आज्ञेवरून या निर्जल खोऱ्यात ठेवले. पाणी संपले, मूल तहानेने तडफडू लागले, तेव्हा ती माता एका टेकडीवरून दुसरीकडे कोणी दिसते का म्हणून सात वेळा धावली. अखेर बाळाजवळ झरा फुटला, तोच जमजम. जगभरातून येणारा प्रत्येक हाजी, मग तो सुलतान असो की फकीर, त्या एकाकी आईच्या पावलांवर पाऊल टाकीत चालतो. पुरुषाच्या सोबतीवाचून लेकरू जगविण्याची धडपड ही या यात्रेच्या गाभ्याशी आहे. नवऱ्याच्या धाकाने गरोदरपणी घर सोडलेल्या, एकुलत्या मुलीचे राज्य वर्षानुवर्षे जपलेल्या स्त्रीला सफा आणि मरवा यांचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

परंतु त्या पवित्र घटकेलाही व्यवहार चिकटून आलाच. शरीफांनी बेगमेसाठी आपले घर योजले होते; बेगमेने स्वतःच्या खर्चाने दुसरे घर आधीच ठरविले होते. विधी आटोपून त्या आपल्या मुक्कामी निघाल्या, तेव्हा शरीफांची माणसे आडवी आली. बेगमेच्या सेवकांना तलवारीचा धाक घालण्यापर्यंत गोष्ट गेली. शरीफांकडून आलेल्या मेजवानीच्या ताटांचा मान राखला गेला नाही, अशीही तक्रार झाली. पाहुणचार नाकारणे हा तेथे अपमान. आणि दुसऱ्याच्या छताखाली मिंधे होऊन राहणे बेगमेच्या स्वभावात नव्हते. पुढे पत्रव्यवहार झाला, भेटी झाल्या, गैरसमज बराचसा निवळला.

आई आणि लेक यांच्या दोन तऱ्हा या मुक्कामात ठळकपणे दिसल्या. कुदसिया बेगमेने हात आखडला नाही. दिसेल त्याला ती देत गेली. तिची ख्याती गावभर झाली, आणि घराबाहेर पडताच याचकांचा लोंढा तिला घेरू लागला. इतका की तिच्या संरक्षणाची व्यवस्था करण्याची पाळी मुलीवर आली. सिकंदर बेगमही दान देत होत्या. पण कोणाला, किती आणि कशासाठी याची विचारणा करून. एकीला दान म्हणजे मनाचे ओसंडणे वाटे, दुसरीला ती एक जबाबदारी वाटे. धर्मात दोन्हींना जागा आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत रमजान लागला. हजचे दिवस मे महिन्याच्या मध्याला यायचे होते. मधले सगळे महिने बेगम हेजाझमध्ये राहिल्या आणि एका जाणत्या प्रशासकाच्या नजरेने सारे न्याहाळीत राहिल्या. रस्त्यांतील घाण, घरांची रचना, बाजारातील भाव, गुलामांची अवस्था, स्त्रियांची राहणी, चोऱ्या, अंमलदारांची हाव, यात्रेकरूंची लूट, हे सर्व त्यांनी टिपून ठेवले. पवित्र क्षेत्रांच्या व्यवस्थेसाठी तुर्की सुलतान दरवर्षी तीस लाख रुपये देतात असे त्यांना समजले. एवढ्या पैशात आपण या नगरीचे काय रूप केले असते, असा विचार त्यांनी मोकळेपणाने नोंदविला आहे. तीस लाखांचेच कर्ज फेडून आलेल्या बाईला त्या रकमेत किती काम होते हे नेमके ठाऊक होते.

अशा नोंदी वाचून कोणाला वाटेल की बाईंचे मन यात्रेत नव्हतेच. तसे म्हणणे चुकीचे होईल. क्षेत्राचे पावित्र्य आणि क्षेत्राचा कारभार या दोन गोष्टी त्यांनी कधी एक मानल्या नाहीत. काबागृहासमोर मान लवविणे हे त्यांचे कर्तव्य होते. तेथील गटाराकडे डोळेझाक करणे हे कर्तव्य नव्हते. किंबहुना ज्या जागेवर जीव आहे तिची हेळसांड अधिक खुपते. धर्मस्थानाची दुरवस्था बोलून दाखविणे म्हणजे अश्रद्धा, असा समज सर्वच धर्मांत आढळतो. त्या समजाला एका नमाजी, रोजे पाळणाऱ्या स्त्रीने दिलेले हे उत्तर आहे.

हजचे खरे दिवस पाच-सहाच. जिलहिज महिन्याच्या आठव्या दिवशी यात्रेकरू मिनाला जातात. नववा दिवस अराफातचा. त्या उघड्या मैदानावर दुपारपासून सूर्यास्तापर्यंत उभे राहून ईश्वराची करुणा भाकणे हा हजचा प्राण. हे चुकले तर हजच चुकले. तेथे घर नाही, मशिदीची सावली सर्वांना पुरत नाही, करण्यासारखे काही नाही. आपण आणि आपला जन्मभराचा जमाखर्च, एवढेच उरते. कयामतच्या दिवशी सारी माणसे अशीच उभी राहतील, ही कल्पना त्या मैदानावर खरी वाटू लागते. सूर्य बुडाल्यावर मुजदलिफा येथे रात्र काढायची, खडे वेचायचे, दुसऱ्या दिवशी मिनात सैतानाच्या खुणेवर ते मारायचे, बळी द्यायचा, केस उतरवायचे (स्त्रिया केसांचे टोक तेवढे कापतात) आणि काबागृहाला पुन्हा सात फेरे घालायचे. १८६४ च्या मे महिन्यातील कडक उन्हात भोपाळच्या राज्यकर्तीने हा सारा क्रम पार पाडला.

मदिनेला मात्र त्या गेल्या नाहीत. प्रेषितांच्या समाधीचे दर्शन हा हजचा अनिवार्य भाग नाही. पण ते घेतल्यावाचून परतणे बहुतेकांच्या जिवाला लागून राहते. मार्ग असुरक्षित होता, टोळ्यांचा उपद्रव होता, खर्च अपार होणार होता, आणि हजारभर माणसांच्या जिवाची जोखीम त्यांच्यावर होती. चौकशी करून, सल्ला घेऊन, त्यांनी परत फिरण्याचा निर्णय केला. या निर्णयाबद्दल पुढे बोलणारे बोलले. पण ज्या माणसाने आपल्या इच्छेपायी इतरांचे प्राण पणाला लावायचे नाकारले, त्याने हजच्या शक्यतेची अट अखेरपर्यंत पाळली, असेच म्हणावे लागेल.

त्याच वर्षी बेगम स्वदेशी परतल्या. इंग्रज अधिकारी ड्युरँड आणि त्यांच्या पत्नी यांनी प्रवासाचा वृत्तान्त लिहिण्याचा आग्रह केला होता. त्यावरून त्यांनी उर्दूत आपली हकीकत लिहिली. भोपाळच्या पोलिटिकल एजंटची पत्नी श्रीमती विलोबी-ऑस्बर्न यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८७० साली लंडनला प्रसिद्ध झाले. पुस्तक इंग्रज वाचकासमोर ठेवून लिहिले आहे हे विसरून चालणार नाही. आपण नीट राज्य चालवितो, हे दाखविण्याची संधी बेगमेने त्यात साधली आहे. मक्केच्या अव्यवस्थेचे वर्णन करताना भोपाळच्या व्यवस्थेचे प्रशस्तिपत्रही आपोआप लिहिले जाते. परंतु हे सर्व वजा करूनही त्या पानांचे मोल उरते. एका राज्यकर्त्या हिंदी मुसलमान स्त्रीने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले हेजाझ त्यात आहे. गूढतेचे धुके त्यावर नाही.

त्यांच्या तक्रारी ही केवळ एका मानी बाईची कुरकुर नव्हती, हे लौकरच दिसून आले. पुढच्याच वर्षी, १८६५ च्या हजमध्ये पटकीची साथ उसळली आणि सुमारे पंधरा हजार यात्रेकरू मृत्युमुखी पडले असा अंदाज आहे. परतणाऱ्या हाजींबरोबर ती साथ इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. १८६६ साली कॉन्स्टॅंटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि यात्रेच्या मार्गांवर विलग्नवासाची कडक व्यवस्था सुरू झाली. बेगमेने ज्या घाणीकडे बोट दाखविले होते, तिची दखल जगाला इतक्या जबर किमतीने घ्यावी लागली.

३० ऑक्टोबर १८६८ रोजी सिकंदर बेगम भोपाळ येथे वारल्या. पुस्तकाची इंग्रजी प्रत त्यांनी पाहिली नाही. गादीवर शाहजहान बेगम आल्या. त्यांना हजचा योग आला नाही. आई कुदसिया बेगम लेकीमागे आणखी तेरा वर्षे जगल्या. नात सुलतान जहान बेगम मात्र १९०३ साली निघाल्या, मदिनेचेही दर्शन घेऊन आल्या आणि आजीप्रमाणेच त्यांनीही प्रवासवर्णन लिहिले. आजीचा अपुरा राहिलेला टप्पा नातीने पुरा केला. भोपाळच्या यात्रेकरूंना मक्का-मदिनेत उतरायला हक्काची जागा असावी म्हणून बेगमांच्या घराण्याने तेथे रुबाते, म्हणजे धर्मशाळा, उभ्या केल्या. परक्या गावात छपरासाठी झालेली ओढाताण ज्या घराण्याने अनुभवली, त्यानेच पुढे गोरगरिबांच्या छपराची सोय करून ठेवावी, हे उचितच झाले.

सिकंदर बेगमेच्या चरित्रात चमत्कार नाहीत. कर्ज फेडणे, मोजणी करणे, हिशेब तपासणे, माणसे निभावून नेणे, अशी रुक्ष वाटणारी कामे त्यात आहेत. आणि त्या कामांच्या शेवटी एक यात्रा आहे. श्रद्धावानाच्या लेखी हज म्हणजे ईश्वराच्या दारी हजेरी देणे. त्या दारी रिकाम्या हाताने गेले तरी चालते. दुसऱ्याचे देणे डोक्यावर ठेवून जाता येत नाही. माळव्यातील ही राज्यकर्ती तेथे गेली ती राज्याचे देणे फेडून, आणि ज्याच्याशी जुना हिशेब होता त्याला सोबत घेऊन. मान झुकवून आणि डोळे उघडे ठेवून तिने ती वाट चालली. तिच्या लहानशा पुस्तकाचे एकविसाव्या शतकात नव्याने संपादन झाले आणि ते पुन्हा वाचकांच्या हाती आले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या पानांतून ती आजही तशीच भेटते : सफा आणि मरवा यांच्यामध्ये चालणारी, आणि चालता चालता सभोवार नीट पाहणारी.